दुचाकीवरचा नकाशा : नजर रस्त्यावर, दिशा कानात

रावेरहून पालच्या रस्त्याला लागले, की केळीच्या बागा मागे पडतात आणि सातपुड्याचा चढ सुरू होतो. नवख्या दुचाकीस्वाराला इथे मोबाइलमधल्या नकाशाचा मोठा आधार वाटतो. पण तो हॅन्डलवर नीट बसवला नाही, तर अपघाताला निमित्तही ठरतो.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. स्क्रीनकडे दोन सेकंद पाहिले, तर सुमारे ३३ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. तेवढ्यात केळीने भरलेला ट्रॅक्टर शेतातून समोर येऊ शकतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर अधिक जपावे. वयानुसार डोळ्यातले भिंग ताठर होते, दूरवरून जवळ आणलेली नजर लवकर स्थिरावत नाही आणि स्क्रीनवर ती जास्त वेळ अडकते.

म्हणून सगळी जुळवाजुळव गाडी स्टँडवर असतानाच करावी. होल्डर हॅन्डलच्या मध्यावर, शक्य तितका वर बसवावा. स्पीडोमीटर झाकू नये. हॅन्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर किंवा क्लचची केबल अडकत नाही ना, हे पाहावे. इंजिनाच्या सततच्या कंपनांनी काही मोबाइलचे कॅमेरे बिघडतात, त्यामुळे कंपने शोषणारा होल्डर बरा. चार्जरची जोडणी फ्यूजसह आणि चावी बंद करताच वीज तुटेल अशी करून घ्यावी, नाहीतर बॅटरी उतरते. खानदेशातल्या उन्हाळ्यात भर दुपारी मोबाइल तापून बंद पडू शकतो. रस्त्याचे मुख्य टप्पे आधीच लक्षात ठेवावेत.

जीपीएसला इंटरनेट लागते, हा गैरसमज आहे. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश मोबाइल फक्त ऐकतो आणि किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा ठरवतो. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवायला. त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून ठेवला, तर डोंगरात रेंज गेली तरी आपण कुठे आहोत हे दिसत राहते.

वळणांच्या सूचना हेल्मेटमधल्या स्पीकरवर हळू आवाजात ऐकाव्यात. इयरफोनने दोन्ही कान बंद करू नयेत. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. कायदाही हेच सुचवतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार वाहन चालवताना मोबाइलचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने करता येतो.

या नकाशाचा आणखी एक उपयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. अपघातानंतर १०८ क्रमांकावर फोन करणाऱ्याला अनोळखी रस्त्यावर नेमकी जागा सांगता येत नाही, आणि रक्तस्राव होत असताना मिनिटे वाया जातात. नकाशातल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरले, की बहुतेक ॲपमध्ये अक्षांश-रेखांश दिसतात. इंटरनेट नसले तरी साधा फोन लागत असेल, तर ते आकडे जवळच्या गावाच्या नावासह वाचून दाखवावेत. घरातल्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहावे.

आणि रस्ता चुकलाच, तर चालत्या गाडीवर स्क्रीन चाळू नये. गाडी कडेला घ्यावी, थांबावे, मग नकाशा पाहावा.