बरी झालेली शेजारीण

कालव्याला पाणी सुटले की पणदऱ्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पण पाळी जाऊन पाच वर्षे झालेल्या बाईला रक्ताचा डाग दिसला, तर ती कुणाला सांगते? बहुधा कुणालाच नाही. तिथेच घात होतो.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, मग डाग एकच का असेना, हे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचे लक्षण असू शकते. प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो. पण प्रत्येक डाग तपासून घ्यावाच लागतो. वेळीच सापडला, तर पिशवी काढून पुष्कळ बायका बऱ्या होतात.

शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. पण घरच्यांना कसे सांगू? शिवल्याने लेकरांना लागेल का? पुन्हा खुरपायला जाता येईल का? हे बाई बाईलाच विचारते. रोग शिवल्याने लागत नाही, हे जिने भोगले तिने सांगितले की मनाला पटते. स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी मुंबईत १९९४ साली ‘व्ही केअर’ संस्था काढली, ती याच कामासाठी. बरी झालेली माणसे तिथे नव्या रोग्यांजवळ बसतात, बोलतात.

असे बसायला इमारत लागत नाही. तुमच्या गावात अशी बाई असेल, तर दोघींची इच्छा विचारून त्यांची गाठ घालून द्या. तिने औषध सांगू नये. दवाखान्यात सोबत जावे. ऐकलेले चावडीवर नेऊ नये.

आणि गुरुजी, पालकांच्या बैठकीत एवढे सांगाच: गेलेली पाळी परत येत नसते. डाग दिसला, की दवाखाना गाठा.