गढूळपणाचे मोजमाप

गोठलेले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की वर पिवळसर, नितळ द्रव उरतो. हेच सीरम. निरोगी प्रौढाच्या एक लिटर सीरममध्ये साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अल्ब्युमिनचा असतो. एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन या तपासण्या कोणतीही पॅथॉलॉजी लॅब रोज करते. रसायन घातले की रंग येतो, त्याची गडद-फिकट छटा मोजली की आकडा मिळतो.

अडचण सुरू होते ती बाकीच्या प्रथिनांपाशी. आयजीजी हे प्रतिपिंड लिटरमागे ७ ते १६ ग्रॅम असते, तर ॲलर्जीशी निगडित आयजीई त्याच्या हजारो पटींनी कमी. विल्सनच्या आजारात घटणारे सेरुलोप्लाझ्मिन, ल्युपसमध्ये खाली येणारे सी३ आणि सी४, फुप्फुसांचे रक्षण करणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, यांपैकी बहुतेकांना स्वतःचा असा वेगळा रंग देता येत नाही. म्हणून त्या-त्या प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड रिएजंट म्हणून वापरतात. दोघांची जाळी विणली जाते, तिचे सूक्ष्म कण होतात आणि नितळ मिश्रण गढूळ होऊ लागते. गढूळपणा जितका जास्त, तितके ते प्रथिन जास्त.

पूर्वी हे काम आगारच्या थरावर होई. १९६५ साली मॅन्चिनी आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत प्रतिपिंड मिसळलेल्या आगारमध्ये बारीक खड्डे पाडून त्यांत सीरम भरत आणि दोन-तीन दिवसांनी खड्ड्याभोवती उमटलेल्या पांढुरक्या कड्याचा व्यास मोजत. पद्धत भरवशाची होती, पण रुग्णाला उत्तरासाठी थांबावे लागे. ही वाट प्रकाशाने सोपी केली. बंद खोलीत कवडसा आला की एरवी न दिसणारे धूलिकण चमकतात, कारण ते प्रकाश बाजूला उडवतात. बाजूला उडालेला हा प्रकाश मोजणे म्हणजे नेफेलोमेट्री. मिश्रणातून आरपार जाताना प्रकाश किती घटला हे मोजणे म्हणजे टर्बिडिमेट्री. दोन्हींना काही मिनिटे पुरतात.

मग यासाठी फक्त प्रथिने मोजणारे वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल करणारे मोठे बायोकेमिस्ट्री ॲनालायझर दाह दाखवणारे सीआरपी किंवा आयजीजीही टर्बिडिमेट्रीने करतात, आणि चांगले करतात. खरा फरक वेगात नसून यंत्राला फसवू पाहणाऱ्या नमुन्यांत आहे.

हायडेलबर्गर आणि केंडल यांनी १९३० च्या दशकात प्रतिजन (इथे मोजायचे प्रथिन) आणि प्रतिपिंड यांच्या प्रमाणाचा जो आलेख मांडला, त्याचा आकार टेकडीसारखा आहे. प्रतिपिंडाला जणू दोन हात असतात. प्रथिने बेताची असतील तर एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरे प्रथिन धरून पूल बांधले जातात, जाळी वाढते. प्रथिन अतोनात झाले की प्रत्येक प्रतिपिंडाचे दोन्ही हात सुटीसुटी प्रथिने धरून बसतात. दोन प्रतिपिंडांना जोडणारा दुवाच मिळत नाही, जाळी मोडते आणि गढूळपणा पुन्हा कमी होतो. म्हणजे टेकडीच्या पलीकडच्या उतारावरचा रुग्ण अलीकडच्या उतारावरच्या रुग्णासारखा दिसतो. ज्याच्या रक्तात प्रथिन सर्वांत जास्त, त्याचाच रिपोर्ट जवळपास सामान्य! लॅबमध्ये याला प्रोझोन म्हणतात. या क्षेत्रातली सर्वांत धोक्याची चूक हीच, कारण कागदावर ती चूक दिसतच नाही.

स्वतंत्र प्रथिन-ॲनालायझरची रचना या चुकीभोवतीच केलेली असते. काही यंत्रे आधी सीरमचा अगदी थोडा अंश घालून पाहतात. तेवढ्यानेच गढूळपणा झपाट्याने वाढला तर मुख्य चाचणी थांबवून नमुना आणखी पातळ करतात. काही शेवटी जादा नमुना घालतात. गढूळपणा वाढला तर प्रतिपिंड अजून शिल्लक आहे, आकडा विश्वासाचा. वाढला नाही तर नमुना टेकडीपलीकडचा, पुन्हा पातळ करून करायचा. पातळ करण्याचे कामही यंत्रच पायरीपायरीने करते, त्यामुळे फार वेगळ्या पातळ्यांचे नमुनेही त्याला चालतात. पाठीच्या कण्यातल्या द्रवातले अल्ब्युमिन सीरमपेक्षा शे-दोनशे पटींनी कमी असते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर फुटला आहे का हे ठरवायला या दोहोंचे गुणोत्तर लागते, आणि हे यंत्र दोन्ही एकाच फेरीत मोजू शकते.

मुक्त लाइट चेनच्या तपासणीत या सगळ्याची कसोटी लागते. १८४५ साली लंडनमध्ये डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे एका रुग्णाची लघवी तपासणीला आली. तिच्यात ॲसिड घालून आलेला साका तापवला की विरघळे आणि थंड झाला की परत दिसे. हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची सुटी झालेली हलकी साखळी (मुक्त लाइट चेन) होय, हे कळायला १९६२ उजाडले. रक्तात ती मोजणे अवघड होते, कारण अखंड प्रतिपिंडातही तीच साखळी असते आणि अखंड प्रतिपिंडे कित्येक पटींनी जास्त असतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ब्रॅडवेल यांच्या गटाने २००१ साली वाट काढली. अखंड प्रतिपिंडात जो भाग झाकलेला राहतो आणि साखळी सुटली की उघडा पडतो, तेवढ्याच भागाला ओळखणारी मेंढीची प्रतिपिंडे त्यांनी वापरली. अशा साखळ्यांचे कापा आणि लॅम्डा असे दोन प्रकार आहेत. आज या चाचणीत कापा लिटरमागे ३.३ ते १९.४ मिलिग्रॅम, लॅम्डा ५.७ ते २६.३ आणि त्यांचे गुणोत्तर ०.२६ ते १.६५ हे सामान्य धरतात. मूत्रपिंडे कमजोर असतील तर गुणोत्तराची मर्यादा वर सरकते.

मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हेच आकडे काही मिलिग्रॅमवरून हजारोंवर जातात. २०१४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार वाढलेल्या आणि न वाढलेल्या साखळीचे गुणोत्तर १०० किंवा अधिक असेल आणि वाढलेली साखळी लिटरमागे निदान १०० मिलिग्रॅम असेल, तर हाडे किंवा मूत्रपिंडे बिघडायची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात. इथे प्रोझोन निसटला तर औषधच लांबते. साखळी रक्तात काही तासच टिकते, आयजीजी सुमारे तीन आठवडे. त्यामुळे उपचार लागू पडतोय का हे साखळी फार लवकर सांगते.

असे यंत्र प्रत्येक लॅबने घ्यावे असे मुळीच नाही. महिन्याला चार नमुने येत असतील तर उघडलेले रिएजंट मुदत संपून वाया जाते, कॅलिब्रेशन आणि कंट्रोलचा खर्च मात्र तितकाच राहतो. म्हणून तालुक्याच्या गावातले नमुने पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबकडे जातात, आणि ते योग्यच आहे. फक्त प्रवासातली काळजी सोडून चालत नाही. क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिने थंडीत साकळतात. असा नमुना सवयीने बर्फाच्या डब्यात ठेवला तर ती गुठळीतच अडकून राहतात आणि सीरममध्ये काहीच सापडत नाही. सीरम वेगळे होईपर्यंत तो ३७ अंशांवर ठेवावा लागतो. भरपेट जेवणानंतरचे दुधाळ सीरमही त्रास देते, कारण त्यातली चरबी मुळातच प्रकाश उडवते.

राहिला प्रश्न दोन लॅबचे आकडे जुळण्याचा. १९९३ मध्ये युरोपात सीआरएम ४७० हे संदर्भ-सीरम उपलब्ध झाल्यावर आयजीजी, सी३, ट्रान्सफेरिन यांसारख्या डझनभराहून जास्त प्रथिनांच्या निकालांतली तफावत बरीच घटली. मुक्त लाइट चेनला असा सर्वमान्य आधार नाही. वेगळ्या कंपनीच्या रिएजंटवर त्याच रुग्णाचा आकडा लक्षणीय वेगळा येऊ शकतो. त्यामुळे मायलोमाच्या रुग्णाची तपासणी शक्यतो त्याच पद्धतीने, त्याच प्रकारच्या यंत्रावर चालू ठेवतात. लॅबने यंत्र बदललेच, तर एकच नमुना जुन्या आणि नव्या दोन्ही यंत्रांवर करून रुग्णाची पायाभूत पातळी नव्याने नोंदवावी लागते, आणि हा बदल रिपोर्टवर डॉक्टरांना स्पष्ट लिहून द्यावा लागतो.