कुत्र्याची गुहा

चिनू, तो थर्मोकोलचा डबा टेबलावर ठेव आणि खिडकी उघड आधी. आइस्क्रीम संपलं, पण तळाला पांढरे तुकडे उरलेत ना, तो सुका बर्फ. बोट लावायचं नाही हं! उणे ७८ अंशांचा गारठा आहे त्याच्यात. कातडी भाजल्यासारखी सोलून निघेल. आजीचा चिमटा आण, आणि ते जाड हातमोजे.

याचं पाणी होतच नाही. घट्ट तुकडा थेट वायू होऊन उडतो. आपण उच्छ्वासातून सोडतो तोच, कार्बन डायऑक्साइड. तो असा गोठवलेला पहिल्यांदा पाहिला तिलोरिए नावाच्या फ्रेंच माणसानं, १८३५ साली.

पण मला सांगायचीय ती गोष्ट कुत्र्याची. इटलीत नेपल्सजवळ एक चिंचोळी गुहा आहे. जमिनीच्या पोटातून तिथं हाच वायू झिरपतो. पूर्वी वाटाडे प्रवाशांना तिथं न्यायचे, सोबत एक कुत्रा. माणसं उभी, खुशाल गप्पा मारतायत, आणि कुत्रा मात्र थोड्याच वेळात कोलमडून पडायचा! मग त्याला ओढत बाहेर आणून शेजारच्या तळ्यात बुचकळायचे. बहुतेकदा शुद्धीवर यायचा बिचारा. यावर माणसं पैसे मोजत, काय म्हणावं!

असं का व्हायचं? हा वायू हवेच्या दीडपट जड. खड्ड्यात पाणी साचावं तसा तळाशी साचतो. माणसाचं नाक त्याच्या वर, कुत्र्याचं आत.

आता सांग, परवा लग्नात नवरानवरी याच सुक्या बर्फाच्या ढगातून चालत आली, तेव्हा त्या धुरात लोळायला कोण धावलं होतं? तो पांढरा धूर म्हणजे पाण्याच्या वाफेचे गारठलेले थेंब. खरा वायू दिसतही नाही. आणि लोळणाऱ्या पोराचं नाक कुत्र्याच्याच उंचीवर, माझ्या नव्हे.

बाटलीत भरून बूच लावू म्हणतोस? अजिबात नाही. एक किलोचा ५०० लिटरहून जास्त वायू होतो, तो मावणार कुठं? पॅरिसमध्ये हा वायू कोंडलेलं लोखंडी नळकांडं फुटलं आणि एर्वी नावाचा सहायक जिवाला मुकला. १८४० सालची गोष्ट.

फ्रीजरमध्येही नको. तो उणे १८ चा; बर्फ तिथंही उडत राहणार आणि बंद कप्प्यात वायू कोंडणार. मोरीत टाकलास तर गारठ्यानं पाइप तडकेल. मामा गाडीतून असला डबा आणतो तेव्हा काचा खाली ठेवतो, ते उगाच नाही.

चल, डबा उघड्या गॅलरीत, त्या उंच फळीवर. झाकण नुसतं टेकव, चिकटपट्टी लावू नकोस. आपोआप उडून जाईल सगळा. आणि तिथं खाली मनी झोपलीय, तिला आत घे.