गाडी रेस होते, पण पळत नाही

दिवाळीच्या सुमारास बाजारहत्नूरच्या शेतात कापसाची वेचणी जोरात असते आणि मोटारसायकलीला घडीची फुरसत नसते. सातमाळा डोंगरांच्या कुशीतला हा भाग. कडेम नदीचा उगम इथलाच. रान काळ्या मातीचं, रस्ते चढ-उताराचे. इच्चोड्याकडे, बोथकडे किंवा राज्याच्या सीमेपलीकडे किनवटकडे जायचं तर बहुतेकांच्या हाताशी असते ती १०० सीसीची गाडी. खताच्या गोण्या, कापसाची गाठोडी, शाळेची पोरं, दवाखान्यात न्यायचं म्हातारं माणूस, सगळं तिच्यावरूनच जातं. आणि ऐन हंगामात एक दिवस चढावर तक्रार येते: गाडी रेस होते, पण पळत नाही.

‘क्लच प्लेट गेली’ हे निदान अशा वेळी कुणीही करतं, आणि ते पुष्कळदा बरोबरही असतं. पण प्लेट अकाली का गेली हे न शोधता नवा सेट बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. क्लच घरी बदलता येतो. थोडी हत्यारं, स्वच्छ जागा आणि एक मोकळा दिवस असला की पुरे. मात्र झिजेचं कारण सापडल्याशिवाय पान्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी आत काय चालतं ते पाहू. चालू इंजिन सतत फिरत राहतं, चाक मात्र थांबतं, निघतं, पुन्हा थांबतं. या दोघांना जोडायचं आणि सोडवायचं काम क्लचचं. आपल्याकडच्या बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांत तो उजव्या कव्हरच्या आत, इंजिन ऑईलमध्ये भिजलेला असतो. भाकऱ्यांच्या चळतीसारख्या प्लेटा एकावर एक बसवलेल्या असतात: एक घर्षणाची, एक पोलादी, पुन्हा घर्षणाची. घर्षणाच्या प्लेटांचे दाते बाहेरच्या हाउसिंगमध्ये अडकतात आणि हाउसिंग इंजिन फिरवतं. पोलादी प्लेटांचे दाते आतल्या हबवर बसतात आणि हब गिअरबॉक्सला फिरवतो. स्प्रिंगा ही चळत दाबून धरतात, म्हणून सगळं एकत्र फिरतं. आपण लिव्हर ओढला की दाब सुटतो आणि इंजिन मोकळं होतं. एकाच मोठ्या प्लेटऐवजी अनेक लहान प्लेटा घेतल्या की घासणारे पृष्ठभाग वाढतात आणि लहानशा जागेत पुरेशी पकड मिळते.

घर्षणाच्या प्लेटा झिजल्या की चळत पातळ होते. मग दाबणारा भाग आत सरकतो आणि लिव्हरचा खेळ हळूहळू कमी होत जातो. खेळ संपला की लिव्हर सोडलेला असूनही क्लच किंचित ओढलेलाच राहतो. स्प्रिंगांचा पूर्ण दाब पडत नाही, प्लेटा घसरतात, तापतात आणि आणखी झिजतात. म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. लिव्हरच्या टोकाशी बोट ठेवून बघा: वायर ताणली जाण्याआधी टोक साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे. खेळच नसेल तर वायरीचा ॲडजस्टर फिरवून तो द्या आणि गाडी चालवून पाहा. खेळ वेळीच सापडला तर काही गाड्या एवढ्यानेच सुधारतात.

दुसरी तपासणी ऑईलची. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ असं लिहिलेलं आहे का, ते बघा. ऑईलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठी जपानी वाहन-मानक संस्थेने ठरवलेली ही प्रतवारी आहे. ‘एमबी’ लिहिलेलं ऑईल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं. मोटारीच्या कित्येक ऑईलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. मोटारीच्या इंजिनाला ती चांगली, पण मोटारसायकलच्या प्लेटा त्यांनी बुळबुळीत होतात. ड्रममधलं सुटं ऑईल किंवा ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल गाडीत ओतायची सवय खेड्यापाड्यांत आहे. चार पैसे वाचतात आणि क्लच जातो.

मग परीक्षा घ्या. इंजिन गरम झाल्यावर सपाट, मोकळ्या जागी पुढचा ब्रेक घट्ट धरा, दुसरा गिअर टाका, थोडी रेस द्या आणि लिव्हर हळूहळू सोडा. क्लच धडधाकट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. लिव्हर पूर्ण सुटूनही इंजिन रेस होतच राहिलं तर प्लेटा घसरताहेत. ही चाचणी एकदाच करा, वारंवार केली तर तीच प्लेटा जाळते. याउलट लिव्हर ओढूनही पहिला गिअर धाडकन पडत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच नीट सुटत नाहीये. तिथे जास्त खेळ, गंजलेली वायर, वाकलेली पोलादी प्लेट किंवा हाउसिंगला पडलेल्या खाचा यांच्यावर संशय घ्यावा.

आता झिजेचं मूळ कारण, जे आपल्या भागात बहुधा वजन आणि चिखल हेच असतं. १०० सीसीची गाडी स्वतः सुमारे ११२ किलोची. चालवणारा ६५ किलोचा धरला आणि मागे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या टाकल्या, तर एकूण वजन २६७ किलो होतं. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरचा वेग गाठेपर्यंत या वजनात सुमारे २३०० ज्यूल ऊर्जा भरते, आणि क्लच घसरवत निघताना जवळपास तेवढीच ऊर्जा प्लेटांमध्ये उष्णता होऊन जाते. एकट्याने निघाल्यास ती सुमारे १५०० ज्यूल असते. म्हणजे दोन गोण्यांनी प्रत्येक वेळी निघतानाचा ताप दीडपट केला. चिखलाचं गणित याहून वाईट. काळ्या मातीत चाक रुतलं, माणूस लिव्हर अर्धवट सोडून, हाफ क्लचवर रेस देत राहिला आणि इंजिनाने आपल्या ताकदीचा फक्त तिसरा हिस्सा, म्हणजे २ किलोवॅट जरी दिले, तरी चाक हलत नसल्यामुळे १० सेकंदांत २०,००० ज्यूल प्लेटांत जिरतात. ओझ्यासकट जवळजवळ नऊ वेळा निघण्याइतकी झीज त्या १० सेकंदांत होते. रुतलेली गाडी उतरून ढकलावी, गोणी उतरवावी, चाकाखाली पऱ्हाट्या घालाव्यात. क्लचवर ओढून काढू नये.

इतकं पाहूनही प्लेटाच गेल्या आहेत असं ठरलं, तर कामाला लागा. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. ऑईल कोमट असताना काढून घ्या. ते मातीत किंवा विहिरीजवळ सांडू नका, जुन्या डब्यात भरून गॅरेजला द्या. क्लचची वायर सोडवा, किकचा दांडा काढा, लागलाच तर फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडलही. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी पिळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती क्लचपेक्षा महाग पडते. कव्हर चिकटलेलं असेल तर लाकडी ठोकळ्याने कडेला हलके ठोके द्या. फटीत पेचकस घालून उचकटलं की तिथून ऑईल गळायला लागतं.

कव्हर निघालं की आधी मोबाइलवर फोटो काढा, आणि प्रत्येक भाग काढताना पुन्हा काढा. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे सैल करा. काही गाड्यांत एवढ्यावर प्लेटा हाती येतात. काहींत हब काढावा लागतो, तो सर्कलिपने किंवा मधल्या मोठ्या नटाने धरलेला असतो. सर्कलिपला तिचा चिमटा हवा. मोठ्या नटासाठी हब धरून ठेवणारं खास हत्यार लागतं. ते नसेल तर छिन्नी-हातोडा घेऊ नका, तेवढ्यापुरतं गॅरेजमधून करून घ्या.

काढलेल्या प्लेटा त्याच क्रमाने ओळीत मांडा आणि वाचायला शिका, कारण झिजेचं मूळ इथेच पक्कं होतं. अनेक १०० सीसी गाड्यांत घर्षणाची नवी प्लेट सुमारे ३ मिलिमीटर जाड असते आणि २.६ च्या आसपास तिची मर्यादा संपते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजा. जाडी शाबूत, पण प्लेट काळी, चकाकती आणि जळका वास येणारी असेल, तर दोष ऑईलचा किंवा हाफ क्लचचा. पोलादी प्लेट निळसर झाली असेल तर ती फार तापली आहे. ती काचेवर ठेवून खालून फीलर गेज सरकवा, वाकलेली असेल तर बदला. स्प्रिंगांची लांबीही मॅन्युअलशी ताडून पाहा, कारण दमलेल्या स्प्रिंगा नव्या प्लेटांनाही घसरवतात. हाउसिंगला दात्यांनी खोल खाचा पाडल्या असतील तर नुसत्या प्लेटा बदलून भागणार नाही.

नव्या प्लेटा कोरड्या बसवू नका. ज्या ऑईलवर गाडी चालणार त्यातच त्या काही तास बुडवून ठेवा, रात्रभर ठेवल्या तर उत्तम. मग फोटोंप्रमाणे चळत लावा. बहुतेक गाड्यांत पहिली आणि शेवटची प्लेट घर्षणाची असते, आणि काहींत टोकाची प्लेट बाकीच्यांहून वेगळी असते, तिची जागा बदलू नये. बोल्ट पुन्हा समोरासमोरच्या जोडीने, मॅन्युअलमधल्या मापाइतकेच आवळा. जुनं पॅकिंग खरवडण्याआधी ऑईलने ओलं करा. जुन्या पॅकिंगात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुंकरीने उडवू नका. नवं पॅकिंग घालताना डॉवेल पिना जागेवर आहेत ना, ते बघा. कव्हर बसवा, योग्य ऑईल मापाने भरा, वायरीत ऑईल सोडा, लिव्हरला खेळ द्या. पहिले काही दिवस ओझं कमी ठेवा. त्यानंतर खेळ पुन्हा एकदा तपासा, कारण नव्या प्लेटा बसताना तो बदलतो.

हे काम भर वेचणीत, धूळ उडणाऱ्या अंगणात करू नका. कापूस घरी यायच्या आधी, पोळा ते दसऱ्याच्या दरम्यान एक उघडीप बघून उरकून घ्या. आणि दुकानात जाताना काढलेल्या जुन्या प्लेटा फडक्यात गुंडाळून बरोबर न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक प्लेटांचे आकार बदललेले असतात, म्हणून दाते आणि संख्या समोरासमोर जुळवूनच नवा सेट घ्या.