भूल देणारा दवाखाना कोणत्या गल्लीत असावा?

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात बसस्थानकाकडून बाजारपेठेत शिरले की एक इमारत हमखास दिसते. तळमजल्यावर औषधांचे दुकान आणि तपासणीची खोली, पहिल्या मजल्यावर खाटा, त्यावर ऑपरेशन थिएटर आणि सर्वांत वर डॉक्टरांचे बिऱ्हाड. शहरात हेच सगळे सोसायटीतल्या दोन फ्लॅटांमधली भिंत पाडून एकाच मजल्यावर मांडलेले असते. अशा जागी कोणते उपचार चालावेत आणि कोणते चालू नयेत, हे ठरवणारे नियम आपल्याकडे आहेत. पण इस्पितळाची चर्चा निघाली की बोलणे डॉक्टर, बिल आणि विमा यांच्यावरच थांबते; ते ज्या जागेत चालते त्या जागेचा विषय आग लागल्याशिवाय निघत नाही. वास्तविक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे इमारतीच्या वापरात मोठा बदल करणे म्हणजेसुद्धा ‘विकास’ आहे. एक वीटही न हलवता राहत्या घराचे इस्पितळ केले, तरी त्यासाठी परवानगी लागते. ती द्यायची की नाही हे मुंबईत 2034 च्या विकास आराखड्याबरोबर आलेल्या नियमावलीवर ठरते आणि राज्याच्या बहुतेक उरलेल्या भागात 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीवर. एजंटांच्या भाषेतला ‘यलो झोन’, म्हणजे निवासी विभाग, त्यात काय काय चालते याची यादी याच नियमांत असते.

या नियमांचा पाया एका विभागणीवर आहे: बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण. येऊन, तपासून, औषध घेऊन जाणारा रुग्ण असेल तर दवाखाना राहत्या इमारतीत सहज चालतो. रुग्णाला खाट द्यायची असेल तर मात्र अटी सुरू होतात. मजला कोणता, जाण्यायेण्याची वाट वेगळी आहे का, समोरचा रस्ता किती रुंद, आजूबाजूला मोकळी जागा किती, हे सगळे पाहिले जाते. रस्ता जसजसा रुंद होतो तसतसे वापर मोकळे होत जातात. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही हीच दृष्टी आहे: डॉक्टरांची खोली वकिलाच्या कार्यालयाच्या पंक्तीला बसते आणि इस्पितळ संस्थात्मक इमारतींच्या गटात जाते. मोठ्या इस्पितळाच्या जिन्याला संहिता दोन मीटर रुंदी मागते. राहत्या घराचा जिना याहून बराच अरुंद असला तरी चालतो. ही विभागणी ज्या काळात झाली त्या काळी ती बरोबर होती. ऑपरेशन म्हणजे आठवडाभर खाट, हे तेव्हा गृहीतच होते. रात्रीचा मुक्काम असेल तर धोका मोठा, नसेल तर लहान, असा हिशेब तेव्हा जमत असे. आज तो जमत नाही आणि नियमांतली सगळ्यात मोठी चूक नेमकी याच रेघेत आहे, असे मला वाटते.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या दोन भूलतज्ज्ञांनी 1970 मध्ये ‘सर्जिसेंटर’ सुरू केले. सकाळी या, शस्त्रक्रिया करून घ्या, संध्याकाळी घरी जा, अशी ती इस्पितळाबाहेरची सोय होती. पुढे दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, शरीरातून लवकर उतरणारी भूल आली आणि ही पद्धत जगभर रुळली. आपल्याकडे विमा नियामकाने ‘डे केअर’ची व्याख्याच केली: पूर्वी चोवीस तासांहून अधिक दाखल व्हावे लागे असे उपचार, जे नव्या तंत्रामुळे आता त्याहून कमी वेळात उरकतात. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, वंध्यत्वाच्या उपचारात स्त्रीबीज काढणे अशी कितीतरी कामे आज रुग्णाला रात्री न ठेवता होतात. मोतीबिंदूचा रुग्ण डोळ्यापुरत्या भुलीवर तासाभरात चालत बाहेर पडतो. त्याच्यासाठी इस्पितळाच्या जिन्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. पण पूर्ण भूल दिलेला हर्नियाचा रुग्ण दुपारी टेबलावर असतो तेव्हा तो कोणत्याही आंतररुग्णाइतकाच असहाय असतो. डायलिसिसचे उदाहरण तर याहून बोलके आहे. हा रुग्ण शुद्धीवर असतो, घरून डबा घेऊन येतो, कागदोपत्री बाह्यरुग्णच असतो. पण आठवड्यातून बहुधा तीनदा, दर वेळी चार तास, त्याचे रक्त यंत्रातून फिरत असते. धूर दिसला म्हणून त्याला उठून पळता येत नाही. आधी कोणीतरी यंत्र थांबवून त्याला सुईनळीतून मोकळे करावे लागते. एका खोलीत असे सहा रुग्ण आणि हाताशी दोन तंत्रज्ञ असले, तर त्या चार तासांपुरती ती खोली अतिदक्षता विभागासारखीच असते. शिवाय यंत्राला मिनिटाला अर्धा लिटर धरले तर एका रुग्णामागे एकशेवीस लिटर शुद्ध केलेले पाणी लागते आणि ते शुद्ध करताना वाया जाणारे पाणी वेगळे. फ्लॅटच्या टाक्या आणि ड्रेनेज या कामासाठी बांधलेले नसतात. रात्रीचा मुक्काम नाही, एवढ्यावर हे सगळे हलके ठरवायचे का?

माझे म्हणणे असे की रेघ मुक्कामावर ओढू नये. संकटाच्या क्षणी रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकतो का, यावर ओढावी. कल्पना नवी नाही. अमेरिकेत अग्निसुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लाइफ सेफ्टी कोड’मध्ये अशा केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गच आहे. भूल किंवा उपचार यांमुळे स्वतःचा बचाव करू न शकणारे चार किंवा अधिक रुग्ण एकाच वेळी जिथे असतात, ती जागा साधा दवाखाना राहत नाही. रात्री तिथे कोणी राहो न राहो, धूर अडवणाऱ्या भिंती आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांच्या जास्त कडक अटी तिला लागतात. अमेरिकेची आरोग्यव्यवस्था आपण उचलून आणावी असे कोणी म्हणणार नाही, पण हा एक निकष घेण्यासारखा आहे. तपासायलाही तो सोपा आहे. टेबले किती, यंत्रे किती, भूलतज्ज्ञ किती वेळा येतो, हे कागदावर असते. रात्री कोण झोपले होते हे शोधत बसावे लागत नाही.

जागेच्या वापराचे नियम ही निव्वळ कारकुनी नाही, हे आपण जबर किंमत देऊन शिकलो आहोत. कोलकात्याच्या ‘आमरी’ रुग्णालयात डिसेंबर 2011 मध्ये नव्वदच्या आसपास माणसे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. ज्या तळघरात आग लागली ते वाहनांसाठी मंजूर होते आणि भरले होते सामानाने. मुंबईत भांडुपच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर कोविड रुग्णालय होते. मार्च 2021 मधल्या एका रात्री आग मॉलच्या खालच्या भागात लागल्याचे सांगितले गेले. धूर वर चढला आणि खाटेवरच्या रुग्णांचे प्राण गेले. इस्पितळाने स्वतः कितीही काळजी घेतली तरी खालच्या मजल्यावरच्या दुकानावर त्याचा ताबा नसतो. म्हणून कोणता वापर कोणाच्या डोक्यावर किंवा पायाखाली असावा, हा प्रश्न नगररचनेचाच आहे. त्याच वर्षी जुलैत गुजरात सरकारने वापर परवाना नसलेल्या इमारतींवरची कारवाई मार्च 2022 पर्यंत पुढे ढकलली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने सरकारला चांगलेच फटकारले. वसाहतीतल्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चालणारी रुग्णालये बंद झालेली बरी, इथपर्यंत न्यायालय बोलले. सवलतीबद्दलचा राग पूर्णपणे रास्त होता. पण सरसकट बंद करण्याशी मी सहमत नाही आणि डॉक्टरांचा आक्षेप इथेच ऐकून घ्यायला हवा.

त्यांचे म्हणणे असे. जुन्या इमारतीला दुसरा जिना कुठून आणायचा? पाण्याची मोठी टाकी कुठे बसवायची? नियम कडक केले की छोटे डॉक्टर गाशा गुंडाळतात आणि उरतात ती बायपासवरची काचेची मोठी रुग्णालये, जिथे पेठेतली म्हातारी एकटी जाऊ शकत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या माणसाला केंद्र दहा किलोमीटर लांब गेले तर उपचार चुकवण्याचा मोह होतो आणि चुकलेला उपचार आगीइतकाच जीव घेतो. पण या आक्षेपाचे उत्तर बदललेल्या रेघेतच आहे. मुक्कामाची रेघ पुसली की बराच मोठा वर्ग मोकळा होतो. तपासणी, लसीकरण, दात, डोळे, फिजिओथेरपी, जागेपुरत्या भुलीची किरकोळ कामे, हे सगळे कोणत्याही गल्लीत, कमीत कमी कागदांवर चालू द्यावे. कडक अटी फक्त असहाय रुग्णांच्या जागेला लावाव्यात आणि त्यातही उंचीचा विचार व्हावा. तळमजल्यावर, दोन बाजूंनी बाहेर पडता येईल अशा जागी दोन टेबलांचे केंद्र असेल तर चौथ्या मजल्यावरच्या केंद्राइतका खर्च त्याच्यावर लादण्याचे कारण नाही. जुन्या केंद्रांना खाली उतरण्यासाठी ठरावीक मुदत आणि त्या काळात चटईक्षेत्राची सवलत मिळाली, तर बहुतेक डॉक्टर उतरतील. न उतरणाऱ्याला मात्र वरच्या मजल्यावर पूर्ण भूल देऊ देता कामा नये, मग तो गावातला कितीही नावाजलेला असो.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांकडून येतो: आगीसाठी 2006 चा स्वतंत्र कायदा आहे, रुग्णालयांच्या नोंदणीसाठी 1949 चा आहे, मग झोनिंगवर हे ओझे कशाला? भंडाऱ्याचे उदाहरणही दिले जाते. जानेवारी 2021 मध्ये तिथे आगीत दहा नवजात बाळे गेली ती सरकारी जिल्हा रुग्णालयात, इस्पितळासाठीच असलेल्या जागेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयातही आग लागून रुग्ण गेले. हे खरेच आहे की योग्य जागा मिळाली म्हणून वायरिंग सुरक्षित होत नाही. पण आगीच्या कायद्याचे काम मुख्यतः इमारत उभी राहिल्यावर सुरू होते. परवानाधारक संस्थेने दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा, एवढे तो करू शकतो. जिना रुंद करणे, गल्लीत बंब शिरेल एवढी जागा काढणे किंवा खालचे गोदाम हलवणे त्याच्या हातात नाही. ते एकदाच ठरते, नकाशा मंजूर होतो तेव्हा. नगररचना, अग्निशमन आणि आरोग्य हे तीन विभाग आज तीन वेगळ्या व्याख्यांवर तीन दाखले देतात आणि डॉक्टर तिन्ही खिडक्यांवर रांग लावतो. निकष एकच ठेवला तर अर्जही एक होईल.

सोसायटीतल्या रहिवाशांची तक्रार वेगळी असते: गर्दी, लिफ्ट, पार्किंग, कचरा. कचऱ्याची भीती बरीचशी गैरसमजातून येते. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांना छोटा दवाखानाही बांधलेला आहे आणि तो कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या वर्गांत वेगळा करून सामायिक केंद्राला द्यावाच लागतो. लिफ्टची तक्रार मात्र मला गंभीर वाटते, ती रहिवाशांपेक्षा रुग्णासाठी. साध्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावत नाही. भुलीतून न सावरलेल्या माणसाला खुर्चीत बसवून किंवा चादरीत उचलून जिन्याने खाली आणावे लागते, अशी जागा शस्त्रक्रियेला योग्य नाही, मग रस्ता कितीही रुंद असो.

मोठ्या रुग्णालयांसाठी विकास आराखड्यात आरक्षणे टाकली जातात, पण दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो आणि पुष्कळ आरक्षणे अशीच सुटतात. मोठ्या रेखांकनांत सोडावी लागणारी सुविधा क्षेत्रे त्या मानाने लहान असली तरी ती वस्तीच्या मधोमध असतात आणि दवाखाना हा त्यांचा मान्य वापर आहे. तळमजल्यावरचे डायलिसिस केंद्र किंवा दोन टेबलांचे शस्त्रक्रिया केंद्र तिथे बसू शकते. नगरपालिकेने अशी जागा परिसरातल्या चार-पाच डॉक्टरांना मिळून दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी, थिएटर सामायिक असावे आणि तपासणीची खोली प्रत्येकाने आपापल्या गल्लीत ठेवावी. फिरते भूलतज्ज्ञ आजही एका दिवसात तीन-चार थिएटरे गाठतात. त्यांचीही धावपळ यात वाचेल.