चक्रीवादळ हिंगोलीतही पोचतं

‘चक्रीवादळ कोकणाचं, आपल्याला काय?’ हा समज सोडायला हवा. 26 सप्टेंबर 2021 ला ‘गुलाब’ आंध्र-ओडिशा किनाऱ्यावर धडकलं. जमिनीवर आल्यावर वारा मंदावला, पण पावसाचे ढग पश्चिमेकडे सरकत राहिले आणि पुढचे दोन दिवस मराठवाड्याला झोडपून गेले. आपल्याकडे वादळ येतं ते असं, पाण्याच्या रूपात, तेही सोयाबीन काढणीला आलेलं असताना. जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात घरांत पाणी शिरलं, तेव्हा तर वादळाचंही निमित्त लागलं नाही.

म्हणून नगरपरिषदेची तयारी वाऱ्याची नव्हे, पाण्याची हवी. कयाधू नदीकाठच्या सखल वस्त्यांची यादी, निवाऱ्यासाठी ठरलेल्या शाळांच्या किल्ल्या कोणाकडे याची नोंद, आणि मृगाआधीच नव्हे तर ऑगस्टअखेरीस पुन्हा एकदा नालेसफाई. पुलाखालच्या मोरीत पिशव्या, थर्माकोल नि पऱ्हाट्या अडकल्या की पाणी थेट गल्लीत वळतं. कोणी म्हणेल, आपत्ती व्यवस्थापन हे जिल्हाधिकाऱ्यांचं काम. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच, हे खरं. पण 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातलं कलम 41 कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि साधनांची सज्जता स्थानिक संस्थेवरच सोपवतं. पैसा नाही, ही अडचण खरी आहे. तरी यादी करायला, किल्ल्यांची नोंद ठेवायला आणि भोंग्यावरून वेळेत सांगायला मोठा निधी लागत नाही. ‘गुलाब’ला किनाऱ्यावरून इथवर यायला जवळपास एक दिवस गेला होता. एवढ्या वेळात एक वस्ती सहज हलवता येते.