नाव ठाऊक, ठिकाण नाही

यूएसबीच्या तारेतून येणारे विजेचे संकेत प्रत्यक्ष झेलणारा भाग म्हणजे ‘फाय’. यूएसबी चालवणाऱ्या ड्रायव्हरला तो आधी शोधावा लागतो. लिनक्स कर्नेलमध्ये त्यासाठी सामाईक व्यवस्था आली 3.13 या आवृत्तीत, जानेवारी 2014मध्ये. तोवर ज्याची त्याची चूल वेगळी.

आमच्या नृसिंहवाडीत कृष्णेला महापूर आला की पादुका पाण्याखाली जातात आणि उत्सवमूर्ती वर हलवतात. भाविक विचारतो, ‘महाराज कुठं आहेत?’ जागा त्याला पाठ नसते. इथेही तसेच. फायचा ड्रायव्हर आपली नोंद करतो, कोणाला कोणता फाय, हे बोर्डाच्या ‘डिव्हाइस ट्री’त लिहिलेले असते, मागणारा फक्त नाव सांगतो.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. मागणारा आधी जागा झाला आणि फायची नोंद व्हायचीच असली तर? उत्तर मिळते उणे 517. म्हणजे ‘नाही’ नव्हे, ‘नंतर ये’. तो रांगेत थांबतो. दुसरा एखादा ड्रायव्हर स्थिरावला की त्याला पुन्हा बोलावणे येते. पण फायचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये घातलाच नसेल, तर पोर्ट मुकेच राहते. जुना बोर्ड भंगारात टाकण्याआधी ही रांग जरूर पाहावी. डीबगएफएसमधल्या ‘डिव्हायसेस डिफर्ड’ या फाइलीत ताटकळलेल्यांची नावे असतात.